अवकाशनौकेवरचा शिकाऊ अधिकारी

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली, तेव्हा जेम्स कर्क कप्तान होऊनच पडद्यावर आला. त्याच्या उमेदवारीची एक हकिगत प्रेक्षकांना पुढच्या वर्षी कळली. ‘फॅरागट’ या नौकेवर तो तरुण लेफ्टनंट होता. समोर एक जीवघेणा ढग आला आणि मारा करताना त्याचा हात क्षणभर अडखळला. कप्तानासह निम्मे सहकारी गेले. अकरा वर्षं तो स्वतःला दोष देत राहिला. तेव्हाच मारा केला असता तरी उपयोग नव्हता, हे त्याला फार उशिरा उमगलं. कर्कचे सगळे पराक्रम एकीकडे आणि हा अडखळलेला हात एकीकडे. मला हा हातच मोलाचा वाटतो.

कर्कचा साचा समुद्रावरचा आहे. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्यासमोर सी. एस. फॉरेस्टर यांचा हॉर्नब्लोअर हा ब्रिटिश नौदल अधिकारी होता. तोही वाचकांना १९३७ साली भेटला तो कप्तान म्हणून. त्याचे शिकाऊ दिवस फॉरेस्टरनी १९५० मध्ये लिहिले. सतरा वर्षांचा हा पोरगा नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावरही आजारी पडतो!

अवकाशकथांनी नौदलच का उचललं? विमान काही तासांत तळावर परततं. जहाज महिनोन्‌महिने बाहेर असतं. इंजिन बिघडलं तर ते तिथेच, हाताशी असलेल्या सामानात दुरुस्त करावं लागतं. वरिष्ठांचा हुकूम वेळेवर पोहोचेलच असं नाही. ग्रहांमधल्या प्रवासाचं गणित हेच आहे.

आता आपल्या भागाकडे पाहा. पिंपरी-चिंचवडहून लोकल थेट लोणावळ्याला जाते आणि तिथे, समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ आहे. १९४५ पासून नौदलाचे अभियंते इथे इंजिनांचं शिक्षण घेतात. दुसऱ्या अंगाला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिन्ही दलांचे छात्र इथे तीन वर्षं एकत्र शिकतात. धरणाच्या पाण्यात, पीकॉक बेमध्ये, शिडाच्या होड्या हाकतात. राकेश शर्मा इथे दाखल झाले तेही १९६६ मध्येच. १९७० साली ते हवाई दलात वैमानिक झाले, १९७१ च्या युद्धात मिग-२१ मधून लढले आणि ३ एप्रिल १९८४ रोजी ‘सोयुझ टी-११’ मधून अवकाशात गेले. म्हणजे खऱ्या अंतराळवीराची उमेदवारी आपल्या शेजारीच झाली.

आणि चाकण? ट्रेनी म्हणून लागलेला पोरगा, थर्ड शिफ्ट, पहाटे तीनला लाइन बंद पडलेली, सुपरवायझर फोनवर, जुना फिटर आवाजावरून बेअरिंग गेल्याचं सांगतो आणि निर्णय मात्र या पोरालाच घ्यायचा असतो. अवकाशनौकेच्या इंजिनखोलीतली पहिली रात्र याहून फार वेगळी नसणार. शब्दही आपल्याकडे आहेत. सरखेल, सारंग, तांडेल, सुकाणू हे आंग्र्यांच्या आरमाराचे शब्द उद्याच्या नौकेवर शोभतील. तिथे ‘कमांडर’च कशाला हवा?

आपल्या विज्ञानकथेला उमेदवारीचं वावडं नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव उलट्या आद्याक्षरांचं होतं आणि त्यामागे होते जयंत विष्णू नारळीकर. जगभर नाव झालेल्या या शास्त्रज्ञाने मराठी कथेच्या दारात नवखा म्हणून उभं राहणं पसंत केलं.

म्हणून या पट्ट्यात लिहिणाऱ्या तरुणांना एक विनंती. कप्तान नंतर लिहा. आधी भोसरीच्या आयटीआयमधून किंवा आकुर्डीच्या कॉलेजातून निघालेली, पहिल्याच पाळीत चुकलेली एखादी शिकाऊ अधिकारी लिहा, आणि तिची ती चूक गाळू नका.