गोदाम, पॅकहाउसच्या सपाट छतासाठी मेम्ब्रेन निवडताना...

हमीभावाने सोयाबीन विकताना ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असावा लागतो. वाळवून, चाळून थप्पी लावलेल्या मालावर जुलैमध्ये स्लॅबमधून पाणी टपकले, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. वरचे एक पोते भिजले, तरी बुरशी आजूबाजूच्या पोत्यांत पसरते. त्यामुळे शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गटाने छताच्या मेम्ब्रेनचा निर्णय फक्त दर पाहून घेऊ नये.

आधी छत तपासा

- उतार : दर १०० फुटांना किमान १ फूट उतार असावा. १० × १० मीटर छतावर ५ सें.मी. पाणी साचले, तर त्याचे वजन ५ टन होते. उतार नसेल, तर आधी तो काढून घ्यावा. मेम्ब्रेन टाकून उताराची उणीव भरून निघत नाही.
- ओल : दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिक कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर स्लॅबवर ठेवावा. सकाळी कागदाच्या आतून थेंब दिसले, तर काम थांबवावे. ओल्या स्लॅबवरील मेम्ब्रेन उन्हात फुगते व सुटते. जुन्या विटांच्या कोब्यात पाणी मुरलेले असते, हेही लक्षात घ्यावे.
- गळती की घाम? : शीतगृहात पाऊस नसतानाही थेंब पडत असतील, तर दोष बहुधा उष्णतारोधक थरात किंवा त्याच्या सांध्यांत असतो. अशा ठिकाणी मेम्ब्रेनवर केलेला खर्च वाया जाईल.

मेम्ब्रेनचे प्रकार

१) एपीपी बिटुमेन (डांबरी) : जाडी ३ किंवा ४ मि.मी. रोल साधारण १ × १० मीटरचा. प्रायमर मारून गॅस टॉर्चने चिकटवतात. आपल्याकडील उन्हात टिकते, कारागीर सहज मिळतात. उघड्या छतासाठी वर खनिज खडीचा थर असलेला प्रकार घ्यावा. साध्या प्रकाराला उन्हापासून संरक्षण देणारा लेप लागतो. टॉर्चचे काम सुरू असताना जवळ बारदान, भुसा, थर्माकोल ठेवू नये.

२) टीपीओ : बहुधा पांढरे. जोड गरम हवेने वितळवून एकजीव करतात. ऊन परावर्तित होत असल्याने शीतगृह व पॅकहाउससाठी उपयुक्त. मात्र जोडणीचे यंत्र व सराव असलेला कारागीर हवा.

३) पीव्हीसी : जोडणी टीपीओसारखीच. जुन्या डांबरी थरावर किंवा थर्माकोलवर थेट टाकू नये, ते कडक होऊन तडकते. मध्ये विलगीकरणाचा कापडी थर द्यावा.

४) ईपीडीएम (रबर) : लवचिक, उन्हात टिकाऊ. बहुधा काळे असल्याने तापते. तेल-ग्रीसने खराब होते, त्यामुळे तेलघाणा किंवा तळण्याच्या युनिटच्या धुराड्याजवळ टाळावे.

शेततळ्याचा उरलेला कागद गच्चीवर अंथरू नये. तो उन्हाने प्रसरण पावतो, स्लॅबला चिकटत नाही आणि वाऱ्याने उचलला जातो.

कोणते निवडावे?

धान्याच्या साध्या गोदामासाठी ४ मि.मी. खनिज थराचे एपीपी पुरेसे ठरते. शीतगृहात विजेचा खर्च मोठा असतो, म्हणून पांढऱ्या टीपीओचा विचार करावा. सौर पॅनेल बसवायचे असतील, तर आधी काँक्रीटचे ओटे बांधावेत आणि मेम्ब्रेन त्यांच्या कडांवर चढवून घ्यावी. नंतर छिद्रे पाडली, तर गळती तिथूनच सुरू होते.

काम करून घेताना

- काम एप्रिल-मेमध्ये, मृगाच्या आधी पूर्ण करावे.
- एपीपीचे जोड बाजूने १० सें.मी. व टोकाला १५ सें.मी. एकमेकांवर यावेत.
- भिंत व स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) करून मेम्ब्रेन कठड्यावर किमान १५ सें.मी. चढवावी.
- पाणी जाणाऱ्या पाइपांची तोंडे स्वतः पाहावीत. गळती बहुतेक वेळा सलग भागात नसते, तर जोड, कोपरे आणि पाइपांपाशी असते.
- पाइप बंद करून छतावर ४८ तास पाणी साठवावे. खालून ओल दिसली नाही, तरच शेवटचा हप्ता द्यावा. त्यापूर्वी स्लॅबची भारक्षमता अभियंत्याकडून तपासून घ्यावी.
- दरपत्रकात जाडी, प्रकार, जोडांची रुंदी आणि हमीची वर्षे लेखी घ्यावीत. हमी साहित्याची आहे की कामाचीही, हे स्पष्ट करून घ्यावे.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाला-माती काढून पाइप मोकळे करावेत. या कामाला एक मजूर आणि अर्धा दिवस पुरतो.