पळसावरचा तो पक्षी हमिंगबर्ड नव्हे

माळव्यातील धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानी शहरांभोवती फाल्गुनात पळस फुलतो. त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर तेव्हा निळ्या-काळ्या झळाळीचा एक चिमुकला पक्षी हमखास दिसतो. क्षणभर तो फुलासमोर हवेत तरंगतोही आणि पाहणारा त्याला ‘हमिंगबर्ड’ म्हणून मोकळा होतो. तो असतो जांभळा शिंजीर, हिंदीतला शकरखोरा. गोव्यात जास्वंदीवर येणारे शिंजीर याच कुळातले.

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज केवळ अमेरिका खंडांत आणि लगतच्या बेटांवर आढळतात. मात्र सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे त्यांच्या पूर्वजांचे जीवाश्म जर्मनीत सापडले असून, २००४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. शिंजिराशी त्यांचे जवळचे नाते नाही. मधुरसावर जगण्याच्या गरजेने दोघांना सारखी चोच दिली, एवढेच.

खरा भेद उड्डाणात आहे. हमिंगबर्डचा पंख खांद्यातून असा फिरतो, की खाली येताना आणि वर जातानाही तो शरीर तोलून धरतो. म्हणून तो मागेही उडू शकतो. याची किंमतही मोठी. लहान जातींत पंख सेकंदाला ५० हून अधिक वेळा हलतात आणि रात्री ऊर्जा वाचवण्यासाठी अनेक जाती शरीराचे तापमान उतरवून निपचित पडतात. शिंजिराला तरंगणे फार काळ झेपत नाही. त्याला बसायला जागा हवी आणि पळस ती देतो. पोपटाच्या चोचीसारख्या ज्या पाकळीमुळे या फुलाला ‘किंशुक’ म्हणतात, तिच्यात पुंकेसर दडलेले असतात. देठाशी बसून शिंजीर रस पिऊ लागला, की ती पाकळी दाबली जाते आणि पराग त्याच्या अंगाला लागतात. काही वेळा मात्र तो फूल बाहेरूनच भोसकून रस चोरतो. तेव्हा झाडाच्या पदरी काहीच पडत नाही!

विणीचा हंगाम सरला, की नराची झळाळी जाते. पिवळट पोटावर मधोमध एक काळी रेघ तेवढी उरते आणि तो वेगळाच पक्षी वाटू लागतो.

घरटे मादी बांधते. वाळकी पाने आणि सालींचे तुकडे कोळ्याच्या जाळ्याने गुंफलेली ही लोंबती पिशवी शत्रूला केरकचरा भासते. दुर्दैवाने माणसालाही तसेच वाटते. व्हरांड्यातील तारेवरचे असे घरटे अनेकदा झाडूने उतरवले जाते. आत बहुधा दोन अंडी असतात. मादी ती एकटीच १४ ते १७ दिवस उबवते. भरवायला मात्र नरही येतो. पिलांना मधुरस पुरत नाही, कीटक आणि कोळी लागतात. अंडी घातल्यापासून पिले उडेपर्यंत साधारण महिना जातो. तेवढे दिवस कपड्यांसाठी दुसरी दोरी बांधावी.