गल्ली नंबर विचारा, धुळं सापडेल

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने मुख्य ठाण्यासाठी धुळं निवडलं. जुन्या वस्तीलगत त्याने सरळ रस्त्यांची पेठ वसवली. तिथले पत्ते अजून ‘गल्ली नंबर चार’ असेच सांगतात. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात वारले. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद राजवाडे संशोधन मंडळात आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरात तर रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायण! वेळ कमी असेल तर बाकी सोडा, हे बघा. मग पांझरेकाठी एकवीरेचं दर्शन. जेवायला शेवभाजी: तर्रीदार रस्सा, शेव ऐन वेळी, नाहीतर लगदा होतो. थंडीत गेलात तर काड्यांच्या जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागा.