खेळाडूची विश्रांती हाही उपचारच

अमेरिकेतील स्त्रियांच्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत 'इंडियाना फीवर' नावाचा एक संघ आहे. फीवर म्हणजे ताप. नावातच ताप असलेल्या या संघाचा २०२५ सालचा हंगाम मात्र दुखापतींनी गाजला. आरोग्याच्या सदरात बास्केटबॉल कशाला, असे वाचक विचारतील. कॉलेजच्या दिवसांपासून मला या खेळाची आवड आहे, हे एक कारण. दुसरे आणि खरे कारण असे की, या एका हंगामात डॉक्टरला सांगण्यासारखे जितके सापडते, तितके एखाद्या पाठ्यपुस्तकातही सहज सापडत नाही.

ही स्पर्धा १९९७ साली सुरू झाली, तेव्हा प्रत्येक संघाच्या वाट्याला २८ साखळी सामने येत. २०२५ साली ती संख्या ४४ झाली. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे जेमतेम चार महिन्यांत हे सामने खेळायचे. सरासरी तीन दिवसही मध्ये मिळत नाहीत, आणि त्यातच प्रवास व सराव. सामना ४० मिनिटांचा, मैदान ९४ फूट लांब. त्यावर धावायचे, एकदम थांबायचे, वळायचे, उडी मारायची आणि पुन्हा धावायचे. या प्रत्येक क्रियेचा भार शेवटी गुडघे, घोटे आणि स्नायू यांवरच येतो.

संघाची सर्वांत नावाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क. २०२४ साली महाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना एप्रिलमध्ये खेळून ती मे महिन्यात व्यावसायिक मैदानात उतरली आणि त्या वर्षीचे सर्व ४० साखळी सामने खेळली. २०२५ साली आधी तिच्या डाव्या मांडीचा पुढचा स्नायू दुखावला, नंतर डाव्या जांघेतील आणि १५ जुलैच्या सामन्यात उजव्या जांघेतील. वर्षभरात ती फक्त १३ सामने खेळू शकली. स्नायू पुरता भरून येण्यापूर्वी त्यावर भार पडला की दुखणे उलटते, हा नेहमीचा अनुभव आहे. तिच्या नावावर तिकिटे खपत होती, तरी संघाने तिला घाईने उतरवले नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला, या हंगामात आपण परतणार नाही, असे तिने जाहीर केले. मला हा निर्णय एखाद्या विजयाइतका मोलाचा वाटतो.

पुढे तर दुखापतींची रांगच लागली. ७ ऑगस्टला फिनिक्स येथील एकाच सामन्यात सिडनी कोलसनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि आरी मॅकडॉनल्डच्या पावलाचे हाड मोडले. १७ ऑगस्टला सोफी कनिंगहॅमच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला. क्लोई बिबी हिलाही गुडघ्यामुळे बसावे लागले. क्लार्क धरून पाच जणींचा हंगाम असा अर्ध्यावर संपला.

मुलींचाच गुडघा का?

अस्थिबंध म्हणजे एका हाडाला दुसरे हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा. गुडघ्याच्या आत असा एक तिरपा पट्टा असतो, त्याला डॉक्टर 'एसीएल' म्हणतात. उडी मारणे आणि एकदम वळणे ज्या खेळांत असते, त्यांत मुलांपेक्षा मुलींमध्ये हा पट्टा तुटण्याचे प्रमाण दोन ते आठ पट आढळते. विशेष म्हणजे बहुतेक वेळा कोणाचा धक्का लागलेला नसतो. उडीवरून खाली येताना गुडघे ताठ राहतात व आतल्या बाजूला वळतात, मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या मानाने मागचे स्नायू कमी पडतात, आणि सारा ताण त्या पट्ट्यावर येतो. शरीराची ठेवण आणि संप्रेरके यांचाही त्यात थोडा वाटा असावा असे मानतात. पट्टा तुटल्यावर शस्त्रक्रिया केली, तरी मैदानात परतायला नऊ महिने ते वर्ष लागते.

यावर उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. खेळण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे, आठवड्यातून दोन-तीनदा, गुडघे वाकवून अलगद उतरण्याचा सराव करावा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की नाही, ते दुसऱ्या कोणी पाहावे. एका पायावर तोल सांभाळणे, बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम हेही त्यात असावे. असा सराव नियमित करणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत सुमारे निम्म्याने कमी होते.

स्नायू संप करतात तेव्हा

इतक्या खेळाडू गमावूनही या संघाने ४४ पैकी २४ सामने जिंकले, बाद फेरीत अटलांटाला हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. या साऱ्यात मोठा भार वाहिला तो केल्सी मिचेल हिने. ती सर्व ४४ सामने खेळली. ३० सप्टेंबरला लास वेगासविरुद्धच्या पाचव्या आणि निर्णायक सामन्यात मात्र तिचे पाय अचानक निकामी झाल्यासारखे झाले. तिला मैदानातून आधार देऊन न्यावे लागले आणि नंतर रुग्णालयात दाखल करावे लागले. निदान झाले 'ऱ्हॅब्डोमायोलिसिस'. तिच्या संघाने जादा वेळेपर्यंत झुंज दिली, पण १०७ विरुद्ध ९८ असा सामना गेला.

नाव अवघड असले तरी आजार समजायला सोपा आहे. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात. ती गाळताना मूत्रपिंडावर ताण येतो, प्रसंगी ते बंदही पडते. उन्हात पाणी न पिता केलेले श्रम, किंवा सवय नसताना एका दिवसात केलेला भरमसाट व्यायाम यांनीही हे घडते. पोलीस भरतीची तयारी करणारी आणि नव्याने व्यायामशाळेत जाणारी मुले-मुली यांनी हे लक्षात ठेवावे. व्यायामानंतर अंग दुखणे साधे आहे. पण वेदना असह्य असतील, हातापायांतील शक्ती गेली असेल किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखणे थांबवण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांतील काही मूत्रपिंडाला अधिकच घातक ठरतात. वेळेवर सलाईन मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

पालक आणि क्रीडाशिक्षकांसाठी

अमेरिकेतील या खेळाडूंच्या दिमतीला डॉक्टर असतात, व्यायामतज्ज्ञ असतात. आपल्याकडे कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलीला असतात ते फक्त तिचे शिक्षक आणि घरची माणसे. म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो. खेळताना गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला, काही तासांत सूज चढली किंवा चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर खेळ तिथेच थांबवावा. बर्फ कापडात गुंडाळून लावावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यावर जोराचे मालिश करू नये. डोक्याला मार बसून भोवळ आली असेल, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये. सराव वाढला आणि मासिक पाळी थांबली, तर ते आहार अपुरा पडत असल्याचे लक्षण असू शकते. पुढे त्याने हाडे कमकुवत होतात, म्हणून लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे. आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण विश्रांतीचा असावा.

संघातून नाव कापले जाईल या भीतीने कित्येक मुली दुखणे लपवतात आणि पुढे जन्मभर तो गुडघा सांभाळत बसतात. इतकी मोठी खेळाडू महिनोन् महिने बाकावर बसू शकते, तर आपली मुलगी तीन आठवडे बसली म्हणून काही बिघडत नाही. तिने 'दुखतंय' म्हटले की 'नाटक करू नकोस' हे शब्द तोंडातून बाहेर पडू देऊ नका. आधी तिला बसवा, मग गुडघा पाहा.