मोगऱ्याचा उपास

आमच्या भंडाऱ्यात मे महिना म्हणजे सत्त्वपरीक्षाच. पारा 45 अंशांच्या आसपास, वैनगंगेच्या वाळूत पाय ठेववत नाही. नवतपा लागला की माणसेच काय, कडुनिंबाखालची कुत्रीदेखील हलत नाहीत. अशा दिवसांत संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडावे आणि कोपऱ्यातला मोगरा दरवळावा. तेवढ्यासाठी हा उन्हाळा सोसावा, असे मला दरवर्षी वाटते.

हा मोगरा माझ्या मायचा. लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावी, घरामागच्या सांदवाडीत त्याचे मूळ झाड. मी भंडाऱ्यात घर बांधले तेव्हा तिने त्याची एक फांदी मातीत दाबली, मुळे फुटल्यावर तोडली आणि डालड्याच्या डब्यात लावून एसटीने आणून दिली. बटमोगरा! घट्ट, गोल, भरगच्च पाकळ्यांचा. माय होती तोवर झाड तिच्या धाकात होते. पौषात ती दोन दिवसांसाठी यायची आणि आल्याआल्या बजावायची, "याले आता पाणी देऊ नोको वो बाई. उपास हाये त्याचा."

पंधरवडा-तीन आठवडे पाणी बंद. पाने मलूल व्हायची, काही गळायची. मला कसेसेच व्हायचे. मग जानेवारीच्या अखेरीस ती कात्री घेऊन बसायची आणि निम्मे झाड उतरवायची. मी कळवळून म्हणायचे, "माय, अगं हिरव्या फांद्या कशाला तोडतेस?" ती हसायची. "जुन्या लाकडाले कळी येत नाही."

2018 च्या हिवाळ्यात माय गेली. तिच्यामागे उरलेले हे एक जिवंत झाड मी फार जपले. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, महिन्याला मूठभर युरिया. कात्री लावायचा तर धीरच होईना. तिचा हात लागलेल्या फांद्या कशा तोडायच्या? झाड माझ्या डोक्याएवढे झाले, पाने हिरवीगार, शेजारणी कौतुक करायच्या. पण लागोपाठ दोन उन्हाळे गजराएवढीही फुले निघाली नाहीत.

आणि मग ऑगस्ट 2020 चा शेवट आला. घरोघरी गणपती बसलेले. वरच्या अंगाला मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस, त्यात धरणांतून सुटलेले पाणी. वैनगंगा भंडारा शहरात शिरली. आम्ही गणपतीसह नातेवाइकांच्या माडीवर गेलो. परतलो तेव्हा अंगणात गुडघाभर चिखल होता आणि मोगरा गाळात माखून उभा होता. आठवड्याभरात पाने पिवळी पडून गळाली. घरातले नुकसान मी कोरड्या डोळ्यांनी मोजले होते. त्या झाडापाशी मात्र रडू आवरले नाही.

रोपवाटिकेतल्या एका म्हाताऱ्या माळीबुवांना विचारले. ते म्हणाले, झाड पाण्याने मरत नाही, मुळांना हवा मिळाली नाही की गुदमरते. खोडाभोवतीचा गाळ काढा, माती हलक्या हाताने मोकळी करा, वाळलेले तेवढे छाटा आणि खत अजिबात घालू नका. तसेच केले. दिवाळीला बुंध्याशी दोन-तीन कोंब दिसले. पौष आला तेव्हा मी मन घट्ट केले. पाणी तोडले आणि जानेवारीच्या अखेरीस कात्री घेतली.

त्या एप्रिलमध्ये झाड कळ्यांनी लगडले.

मायच्या उपासामागचे गणित मला तेव्हा उमगले. मोगऱ्याची कळी धरते ती नव्या फुटीच्या शेंड्याला. थंडीत विसावा दिला, छाटणी केली की उन्हाबरोबर झाड जोमाने फुटते. जितके शेंडे, तितक्या कळ्या. नत्राचा मारा आणि सतत ओल असली तर ते नुसते पानांत रमते. आणि मोगऱ्याला सावली नको. दिवसातले पाच-सहा तास तरी कडक ऊन हवेच. आमच्याकडे त्याची काय कमी?

तेव्हा वाचकहो, लावायचा तर पावसाच्या तोंडाशी लावा. आमच्याकडची धानाची चिकण जमीन असेल तर खड्ड्यात शेणखत आणि थोडी रेती मिसळा. पाणी साचता कामा नये. छाटणीनंतर घमेलेभर कुजलेले शेणखत द्या आणि नवी पालवी दिसली की पाणी सुरू करा. कळीच्या दिवसांत मात्र पाणी चुकवू नका. कळ्यांना अळी लागली तर निंबोळी अर्क पुरतो. कळ्या टपोऱ्या पांढऱ्या झाल्या की उमलण्याआधी, संध्याकाळी तोडा आणि ओल्या पंच्यात ठेवा. रात्री घर भरून जाते.

इंग्रजीत याला अरबी चमेली म्हणत असले तरी हा मूळचा आपल्याकडचाच. इथून तो दूरवर गेला. फिलिपिन्सने 1934 मध्ये त्याला राष्ट्रीय फूल केले. मदुराईच्या मोगऱ्याला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एवढा मोठा मान, पण रीत तीच, फांदी दाबावी आणि शेजारणीला द्यावी.

पुरानंतर मी तेच करते. दर पावसाळ्यात चार फांद्या मातीत दाबते. मायच्या मोगऱ्याची रोपे आता गल्लीतल्या सहा घरी, साकोलीला नणंदेकडे आणि नागपूरला लेकीच्या गच्चीवर आहेत. पुन्हा नदी आली तरी सगळीकडे एकाच वेळी येणार नाही.

गेल्या पौषात लेकीचा फोन आला. "आई, पाने मलूल दिसतात गं. थोडे पाणी घालू का?"

मी म्हटले, "नोको वो बाई. उपास हाये त्याचा."