अकस्मात येणारी धडधड आणि घेरी

अहवालातील एक पान एखाद्या आजाराची माहिती सोप्या भाषेत देण्यासाठी राखून ठेवण्याची आमची प्रथा सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या परिचयाची आहे. यंदा आम्ही असा विकार निवडला आहे की, जो रुग्णाला अतिशय घाबरवितो आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत बहुधा नाहीसा झालेला असतो. रुग्णालयाचा कारभार व हिशेब पाहणे एवढाच आमचा अधिकार. पुढील वैद्यकीय माहिती हृद्रोग विभागातील डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहिली आहे.

कामात असताना, वाकून काही उचलताना, कधी अगदी स्वस्थ बसलेले असताना छातीत एकाएकी धडधड सुरू होते. प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते. या झटक्यात तोच आकडा एका क्षणात १५० ते २२० च्या घरात जातो. डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळतात, दरदरून घाम फुटतो. काहींना गळ्याच्या शिरांत ठोके उडताना जाणवतात. काही मिनिटांनी, क्वचित काही तासांनी, बटण बंद करावे तशी ही धडधड थांबते. त्यानंतर पुष्कळांना बराच वेळ भरपूर लघवी होते. संकोचामुळे ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. परंतु निदानाच्या दृष्टीने ती मोलाची आहे.

ठोके वाढले म्हणजे रक्तपुरवठाही वाढावा, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात दोन ठोक्यांमधील अवधी इतका आखूड होतो की, हृदयाचे कप्पे पुरते भरतच नाहीत. उलाढाल दुप्पट आणि हाती शिल्लक काही नाही, अशी ती अवस्था असते. रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडते आणि घेरी येते.

या विकारास डॉक्टर ‘पीएसव्हीटी’ म्हणतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत निर्माण होणारी विद्युत्-लहर मधल्या एका गाठीतून खालच्या कप्प्यांकडे जाते. काही माणसांच्या या गाठीत एकाऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एरवी त्याने काही बिघडत नाही. एखादा ठोका अवेळी पडला, तर मात्र लहर एका वाटेने खाली उतरते, दुसरीने वर परतते आणि घाण्याच्या बैलासारखी तेथेच फिरत राहते. प्रत्येक फेरीगणिक हृदयाला एक ठोका द्यावा लागतो. दोन वाटांचा हा प्रकार स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो. दुसऱ्या काही रुग्णांत वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणारा एक जादा धागा जन्मतःच असतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांनी १९३० साली त्याचे वर्णन केले.

खरी अडचण निदानाची आहे. रुग्णाला रिक्षात घालून आणावे, नोंदणीच्या रांगेत उभे राहावे, आणि कार्डिओग्राम काढेपर्यंत झटका ओसरलेला असावा, असे वारंवार घडते. कागद निर्दोष येतो. मग घरची मंडळी पित्ताला दोष देतात, कोणी ‘मनाला फार लावून घेते’ म्हणतात, तर कोणी देवऋषीची वाट धरतात. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या विकाराच्या १०७ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांचे निदान पहिल्या तपासणीत झाले नव्हते, आणि भीतीचा मानसिक विकार असा शिक्का पुरुषांपेक्षा स्त्रियांवर अधिक बसला होता. निर्दोष कार्डिओग्राम म्हणजे त्या क्षणी हृदय ठीक आहे, इतकेच. मागच्या मंगळवारी काय घडले, याची तो साक्ष देऊ शकत नाही.

म्हणून आप्तेष्टांना आमची आग्रहाची विनंती आहे की, धडधड चालू असतानाच, जवळ असेल त्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढून घ्यावा. मोठ्या रुग्णालयाची वाट पाहू नये. दोन मिनिटांत निघणारा तो कागद पुढच्या अनेक महागड्या तपासण्या वाचवितो. झटके वरचेवर येत असतील, तर २४ तास अंगावर बाळगावयाचे ‘होल्टर’ यंत्र उपयोगी पडते; महिन्या-दोन महिन्यांनी येत असतील, तर त्याचा फारसा लाभ नाही. अलीकडे मनगटी घड्याळेही हृदयाचा आलेख नोंदवितात आणि डॉक्टर तो पाहतात.

झटका थांबविण्याचा पहिला उपाय विनाखर्चाचा आहे. रुग्णाला टेकवून बसवून १५ सेकंद जोराने कुंथावयास लावावे, लगेच उताणे निजवून पाय १५ सेकंद उंच धरावेत. इंग्लंडमध्ये ४२८ रुग्णांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या रीतीने १०० पैकी ४३ जणांचे ठोके पूर्ववत झाले. नुसते बसून कुंथणाऱ्यांत हे प्रमाण १७ होते. ही रीत डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्यावी. मानेची शीर घरी चोळू नये. याने भागले नाही, तर शिरेतून ‘अ‍ॅडेनोसिन’ देतात. काही सेकंद रुग्णाला जीव जातो की काय असे वाटते, कारण लहरीची वाट क्षणभर बंद होते; पण औषधाचा अंमल तितक्याच लवकर उतरतो.

प्रत्येक धडधड ही नव्हे. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, ताप यांतही ठोके वाढतात. वृद्धांत, तसेच सांधेतापाने झडप आकसलेल्या रुग्णांत ठोके अनियमित होतात व रक्ताची गुठळी मेंदूकडे जाण्याचे भय असते. शुद्ध हरपली, छातीत कळ आली, श्वास लागला, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे.

वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी कायमचा इलाज आहे. जांघेतील शिरेवाटे बारीक तारा हृदयात नेऊन त्या जादा वाटेला उष्णतेने डाग देतात. दोन वाटांच्या प्रकारात १०० पैकी ९५ हून अधिक रुग्ण यातून मुक्त होतात. सुमारे शंभरात एखाद्यास पेसमेकर बसवावा लागण्याचा धोका असतो, तो आधी समजून घ्यावा. खर्च मोठा आहे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत कलम ४१ कक अन्वये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी असतात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. डाग देण्याच्या एका प्रक्रियेचा आकडा पाहता हा निधी किती लवकर आटतो हे हिशेबनीसास सांगावे लागत नाही. देणगीदारांची रक्कम येथे उपयोगी पडते.

एक व्यावहारिक सूचना. कार्डिओग्रामचा कागद उष्णतेने छापला जातो आणि त्यावरील रेघा काही वर्षांत पुसट होतात. झटक्याच्या वेळचा कागद हाती येताच त्याची झेरॉक्स प्रत काढावी आणि मूळ कागदासह प्रत्येक तपासणीस आणावी.