जलवनस्पती : पाण्याची अबोल साक्ष

यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसर दगडी कोळशाच्या खाणींसाठी परिचित आहे. वणीजवळून निर्गुडा नदी वाहते. वर्धा नदी जिल्ह्याच्या सीमेवरून जाते. कोळशाच्या थरांत लोह व गंधक यांचे संयुग आढळते. हवा-पाण्याच्या संपर्काने त्यापासून आम्ल तयार होऊ शकते व ते खडकांतील धातू विरघळवते. म्हणूनच खाणप्रदेशातील जलप्रवाहांत शिसे, कॅडमियम अशा जड धातूंवर लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते.

यासाठी पाण्याचा नमुना तपासतात. तथापि तो त्या क्षणापुरतेच सांगतो. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेले असते. जलपर्णी किंवा पाणकणीस मात्र मुळांवाटे अनेक आठवडे धातू शोषत राहते. त्यामुळे वनस्पतीत पाण्याचा मागील इतिहास साठतो.

येथे दोन संज्ञांतील भेद ध्यानात घ्यावा. प्रदूषणामुळे जिचे रूप पालटते, पाने पिवळी पडतात किंवा वाढ खुंटते, ती 'दर्शक' वनस्पती. जी धातू साठवूनही टवटवीत दिसू शकते, ती 'संचयक' वनस्पती. जलपर्णी मुख्यतः दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणजेच हिरवेपणा हा पाण्याच्या शुद्धतेचा पुरावा नव्हे. तसेच जलपर्णीची दाट वाढ पाण्यात नत्र व स्फुरद मुबलक असल्याचे सुचवते. केवळ त्यावरून जड धातूंचा निष्कर्ष काढता येत नाही.

निष्कर्षासाठी संशयित ठिकाणाच्या वरच्या व खालच्या अंगाची एकाच जातीची रोपे घेतात. मुळे व पाने वेगळी करून धुतात, वाळवतात, त्यांची भुकटी आम्लात विरघळवून धातूचे प्रमाण मोजतात. जलपर्णीत ते बहुधा मुळांत अधिक असते. समजा, पाण्यात लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम शिसे आहे व वाळलेल्या मुळांत किलोमागे २० मिलिग्रॅम. तर संचय हजारपट झाला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

या ज्ञानाचा व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. दूषित पाण्यातून काढलेल्या जलपर्णीचे खत केल्यास किंवा ती गुरांना घातल्यास धातू शेतात व दुधात पोहोचण्याचा धोका असतो. ती तपासल्यावाचून वापरू नये.

स्वयंअध्ययन प्रश्न
१. 'दर्शक' व 'संचयक' या संज्ञांतील भेद आपल्या शब्दांत लिहा.
२. आपल्या गावातील तलावात किंवा नदीत आढळणाऱ्या तीन जलवनस्पतींची स्थानिक नावे नोंदवा.